मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल, वर्षभर वापरून झाल्यावर

घेतल्या घेतल्याच रिव्ह्यू टाकणार होतो पण मुद्दाम थांबलो, कारण अशा पुस्तकाबद्दल पहिल्या आठवड्यात काय सांगणार, कव्हर छान आहे, अक्षर मोठं आहे, संपलं. आता वर्ष होऊन वर महिना झालाय. रोज पहाटे साडेपाच ते सहा, आणि झोप येत नसेल तर रात्रीही, असं वापरलंय, म्हणून आता लिहितो. लांब होणार आहे. ज्यांना फक्त घ्यावं की नको एवढंच हवंय त्यांना आधीच सांगून टाकतो, चाळिशी उलटलेली असेल आणि घरातलं जुनं बायबल बारीक अक्षरामुळे कपाटात पडून असेल तर नक्की घ्या. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते पुढे येईल. प्रकाशकाचं किंवा दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण सांगणार आहे आणि मला कुणाचं नुकसान करायचं नाही.

आधी वस्तू कशी आहे ते. काळं जाड रेक्झिनचं कव्हर, पानांच्या कडा सोनेरी, खुणेसाठी एक लाल रिबीन. अक्षर एवढं मोठं आणि मोकळं की ट्यूबलाइटच्या उजेडात चष्मा नसला तरी चालतं. जोडाक्षरं स्वच्छ छापलीत, हे मराठीत फार महत्त्वाचं आहे हो, नीतिमत्त्व हा शब्द बारीक टायपात नुसता काळा डाग दिसतो आणि तो शब्द, म्हणजे देवापुढे योग्य ठरणं, रोमकरांस पत्रात, म्हणजे येशूचा प्रेषित पौल ह्याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात, पानोपानी आहे. प्रत्येक पानाच्या तळाला संदर्भ वचनं दिलीत, म्हणजे इथं जे वाचताय त्याचा धागा आणखी कुठं आहे ते कळतं. शेवटी पौलाच्या प्रवासाचे रंगीत नकाशे. आणि अगदी शेवटी सहा कोरी पानं. ह्या सहा पानांबद्दल मला खरं तर सगळ्यात जास्त सांगायचंय पण ते नंतर. वजन दीड किलोच्या वर आहे, झोपून वाचता येत नाही, मांडीवर उशी घ्यावी लागते किंवा लाकडी स्टँड.

मी नगरचा. आता अहिल्यानगर झालं पण तोंडात नगरच येतं. पणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती, घरात बायबल नाही असा दिवस मी बघितलेला नाही. संडे स्कूल, दृढीकरण म्हणजे मोठं झाल्यावर चर्चमध्ये आपला विश्वास जाहीर करणं, लग्न सगळं आपल्याच मंडळीत म्हणजे चर्चमध्ये, उपासना संगीत ह्या गीतांच्या पुस्तकातली नारायण वामन टिळकांची गीतं पाठ. तारण म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं तर झोपेतून उठून सांगितलं असतं, येशू आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, त्याच्यावर विश्वास ठेवला की पापांची क्षमा आणि मेल्यावर स्वर्ग. ते बरोबरच आहे, त्यातला एक शब्द मी आजही मागे घेत नाही. पण नीट बघा, ह्यातलं एक टोक दोन हजार वर्षांपूर्वीचं आणि दुसरं टोक मेल्यानंतरचं. मधल्या सोमवार ते शनिवारचं काय, हे मला कधी कुणी विचारलं नाही आणि मी पण स्वतःला विचारलं नाही.

वडिलांचं जुनं बायबल होतं पण अक्षर मुंगीएवढं, त्यामुळे रविवारी पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, सांगतील तो उतारा बोट ठेवून वाचायचा आणि बंद करायचं. हे मोठ्या अक्षरांचं आलं आणि मी पहिल्यांदा एक आख्खं पत्र एका बैठकीत वाचलं, रोमकरांस, सोळा अध्याय. कुणी सांगितलं म्हणून नाही, फक्त डोळ्यांना त्रास होत नव्हता म्हणून वाचत गेलो. आणि सहाव्या अध्यायाला अडकलो तो जवळजवळ दीड महिना तिथंच होतो.

सहाव्या अध्यायात पौल पापाबद्दल बोलतो ते एखाद्या डागाबद्दल बोलल्यासारखं नाही, मालकाबद्दल बोलल्यासारखं आहे. पाप राज्य करतं, पापाचे दास, पापाची सत्ता. आणि शेवटचं वचन जे आपल्याकडे कॅलेंडरवर असतं, “पापाचे वेतन मरण आहे”, ते मी लहानपणापासून धमकी म्हणून ऐकत आलो होतो. ह्या वेळी वेतन हा शब्द एवढ्या मोठ्या अक्षरात समोर आला आणि मी नोकरदार माणूस, माझ्या एकदम लक्षात आलं की वेतन मालक देतो. म्हणजे वर्षानुवर्षं मी कुणाकडे तरी कामाला आहे, रोज हजेरी लावतोय, आणि पगार काय मिळतोय तर घरात पोरगं माझ्या पावलांचा आवाज आला की माझ्या रागाला भिऊन पुस्तक उघडून बसतं. तो माझा पगार. मरण म्हणजे फक्त शेवटचं नाही, थोडं थोडं रोज मरतं घरात.

आणि त्याच अध्यायात तो म्हणतो की ह्या मालकाकडची नोकरी संपली. संपेल असं नाही, संपली. ख्रिस्ताबरोबर तुम्ही मेलात, मेलेल्या माणसाला मालक काय हुकूम करणार. आता हे नुसतं वाचून काही झालं नाही, खरं सांगतो. पाळकसाहेबांना विचारलं, साहेब हे पापाला मेलेले असे स्वतःला माना म्हणतोय पौल, पण मानून काय होतंय, राग तर येतोच. ते म्हणाले तिथं मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो हिशेबाच्या वहीतला आहे, जमा धरणे, खात्यावर मांडणे, तू पतसंस्थेत आहेस तुला कळेल. कल्पना करायची नाहीये, जे खात्यावर खरोखर जमा झालंय ते जमा आहे असं धरून पुढचा व्यवहार करायचाय. हे मला लगेच कळलं. खात्यात पैसे असून पासबुक न बघता उसनवारी करणारे खातेदार मी रोज बघतो.

माझं काम सोनेतारणच्या काउंटरला. डोक्यावर बोर्ड, सोनेतारण कर्ज त्वरित मिळेल. बाई पाटल्या घेऊन येते, सराफ कस लावतो, खडे वजा करून निव्वळ वजन काढतो, पाकीट सील होतं, तिजोरीत जातं, तिच्या हातात पैसे आणि पावती. हे झालं तारण. आणि चर्चमध्ये गेलं की तेच तारण म्हणजे प्रभूने दिलेली मुक्ती. एकच शब्द, मी वीस वर्षं आठवड्यातले सहा दिवस एका अर्थाने आणि सातव्या दिवशी दुसऱ्या अर्थाने वापरत होतो आणि दोन्ही कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते. आपल्या मराठी बायबलात तर आणखी एक शब्द आहे, खंडणी. येशू आपला प्राण खंडणी म्हणून द्यायला आला. आजकाल खंडणी म्हटलं की गुंड आठवतात, पण इथं अर्थ आहे सोडवणुकीची किंमत, दास म्हणून अडकलेल्याला मोकळं करायला जी रक्कम मोजायची ती.

आणि माझ्या काउंटरवर सोडवणूक कशी होते ते सांगतो. माणूस मुद्दल व्याज भरतो, सही करतो, पाकीट फोडून दागिना त्याच्या हातात देतो. आजवर एकही बाई मी बघितली नाही जिनं मंगळसूत्र सोडवलं आणि पिशवीत टाकून घरी नेलं. तिथंच, काउंटरसमोर, गर्दीत, नवऱ्याकडे पाठ करून उभी राहते आणि गळ्यात घालते. मग जाते. हे शेकडो वेळा बघितलंय मी आणि ह्या वर्षी पहिल्यांदा ते बघून डोळ्यात पाणी आलं, कारण मी स्वतः सुटलेला असून स्वतःला पाकिटातच ठेवलं होतं, मेल्यावर स्वर्गात गेल्यावर फोडू म्हणून.

नव्या करारातल्या मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात देवदूत मरीयेच्या नवऱ्याला, योसेफाला, बाळाचं नाव येशू ठेवायला सांगतो आणि कारणही सांगतो, “तोच आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील”. नरकापासून असं तिथं म्हटलेलं नाही, पापांपासून म्हटलंय. दर नाताळात हे वाचलं जातं. चाळीसेक नाताळ ऐकूनही मी नरकापासूनच ऐकत होतो.

आता सहा कोऱ्या पानांबद्दल. रोमकरांसच्या सहाव्या अध्यायात पौल अवयव म्हणतो, तुमचे अवयव पापाच्या हातात हत्यार म्हणून देऊ नका. मी एक दिवस पेन घेतलं आणि त्या कोऱ्या पानावर लिहिलं, जीभ. त्याखाली दुपारी चारला सर्व्हर डाऊन आहे उद्या या असं सांगतो ते. सर्व्हर चालू असायचा. चार वाजता नवीन केस घेतली की साडेसहा वाजतात निघायला, म्हणून. लांबून आलेली माणसं असायची, पारनेर शेवगावहून एसटीने. मग लिहिलं, हात. आणि हाताखाली काय लिहायचं ते मला माहीत होतं आणि चार दिवस मी ते लिहिलं नाही.

दागिना सोडवायला तिजोरी दोन किल्ल्यांची, एक मॅनेजरकडे एक कॅशियरकडे, दोघं एका वेळी लागतात. त्यामुळे कधी कधी उद्या या म्हणावं लागतं. पण मी ठरवलं तर आजच काढून देऊ शकतो, जरा आत जाऊन सांगितलं की होतं. आणि त्यासाठी मी लोकांकडून चहापाण्याचे घ्यायचो. पन्नास, शंभर, एकदा दोनशे. मागायचो नाही, पण थांबायचो, आणि लोकांना कळायचं. त्याला पाप असं नाव मी कधी दिलंच नव्हतं, सगळीकडे चालतं म्हणून. कोऱ्या पानावर आठवून आठवून अकरा नावं लिहिली. पान पातळ आहे, शाई मागे उमटते, ही ह्या पुस्तकाची एक तक्रार आहेच पण त्या दिवशी मागच्या पानावर ती नावं उलटी उमटलेली दिसली आणि मला बरं वाटलं की झाकली जात नाहीयेत.

त्याच आठवड्यात लूक १९ वाचत होतो, जक्कयाची गोष्ट. संडे स्कूलला सगळ्यांनी ऐकलेली, बुटका माणूस, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. लहानपणी आपल्याला झाडाचीच मजा वाटते. पण जक्कय जकातदारांचा मुख्य होता, म्हणजे काउंटरवरचाच माणूस. येशू त्याच्या घरी उतरायला जातो, अजून त्याला एका शब्दाने पाप सोड म्हणालेला नाही, नुसता घरी येतो म्हणाला, आणि जक्कय उभा राहून म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो. चौपट का, तर तळाला संदर्भ दिलाय जुन्या करारातला, निर्गम २२, मेंढरू चोरलं तर एकाच्या बदल्यात चार द्यायची असा नियम. ह्या संदर्भ वचनांना ह्या आवृत्तीत मी दहापैकी दहा देईन, एरवी हे मला कधीच सापडलं नसतं. आणि मग येशू काय म्हणतो, “आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे”. आज. आणि घराला. मेल्यावर नाही, आणि एकट्या जक्कयालाही नाही.

इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाहीतर लोक चुकीचं समजतात. जक्कयाने पैसे परत केले म्हणून येशू घरी आला असं नाहीये. येशू आधी आला. तारण कृपेने, फुकट, आपल्या कर्माने नाही, हे पौल आणि लूक दोघंही सांगतात. पण ज्याच्या घरी तो आला त्याचा पैशावरचा हात आपोआप सैल झाला. आमच्याकडे मंडळीत दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात क्षमा झालीये ना मग कशाला एवढं, देव समजून घेतो. दुसरे म्हणतात खरं तारण झालेला माणूस पापच करत नाही आणि तुला राग येतो म्हणजे तुझं तारणच झालं नाही. पहिल्यांना पौलाने सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच दोन वचनांत उत्तर दिलंय, कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, मुळीच नाही. दुसऱ्यांना योहानाच्या पहिल्या पत्रात उत्तर आहे, आपल्यात पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःलाच फसवतो, पण पाप पदरी घेतलं तर तो क्षमा करतो आणि शुद्ध करतो. मला दोन्ही बाजूंनी खूप वर्षं नुकसान झालंय म्हणून जरा जोर देऊन लिहिलं.

तर अकरा जण. चौपट करायचं ठरवलं. मिसेसला सांगितलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली माझ्या भिशीचे आहेत त्यातले घ्या. आधी मॅनेजरना सांगितलं, कारण लपून परत करणं म्हणजे परत तोच मालक. त्यांनी मेमो दिला, तीन महिने काउंटरवरून काढून वसुलीला टाकलं. बरोबरच केलं त्यांनी, माझी काही तक्रार नाही, आणि संस्थेचं नाव पण ह्यात कुठे येऊ नये असं मला वाटतं.

पहिल्यांदा गेलो ते भाजी विकणाऱ्या मावशींकडे. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी डोरलं सोडवायला आल्या होत्या आणि मी शंभर घेतले होते. चारशे पुढे केले, कशाचे ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “साहेब मला तर आठवत बी नाही, तुमीच बरे आठवून ठिवले.” आणि गवारीची एक पिशवी जबरदस्तीने हातात दिली. हे सोपं गेलं. सगळे असे नव्हते. एक जण भिंगारचा, रिक्षा चालवतो, त्याने पैसे घेतले आणि सरळ तोंडावर म्हणाला, त्या दिवशी पोरगं दवाखान्यात होतं, ते दोनशे माझ्याकडे डिझेलचे होते, दवाखान्यात चालत गेलो मी. एवढं बोलून आत गेला. मी त्याच्या दारात उभा होतो. काय बोलणार. घरी येऊन त्याच्या नावापुढे तारीख लिहिली आणि त्या रात्री प्रार्थनेला शब्दच सुचले नाहीत. पण एक सांगतो, आधीचा मी असतो तर त्याच्या बोलण्याचा राग आला असता, एवढं परत देऊनही बोलतो म्हणून. तो राग आला नाही. मी तो दाबला असं पण नाही, आलाच नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मालक बदललाय खरा.

सर्व्हर डाऊनचं म्हणाल तर ते एका दिवसात सुटलं नाही. जीभ हा अवयव फार चपळ आहे, वाक्य तोंडातून निघून जातं मग कळतं. काउंटरवर परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एका आजोबांना म्हणून बसलो, आणि ते दारापर्यंत गेले असतील, मी उठलो आणि हाक मारली, बाबा या, सर्व्हर चालू आहे, मी खोटं बोललो. शेजारचा सहकारी माझ्याकडे बघत राहिला. आजोबा मात्र शांतपणे येऊन बसले आणि पिशवीतून अंगठी काढली. पावणेसातला घरी पोचलो त्या दिवशी.

राग हे माझं जुनं दुखणं, त्यावर अजून काम चालू आहे. रोमकरांसच्या सातव्या अध्यायात पौल म्हणतो जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्याकडून होत नाही आणि जे नको तेच करतो, ते मोठ्या अक्षरात वाचताना मला आधार वाटला, एवढा मोठा प्रेषित आणि असं लिहितो. पण लोक सातव्या अध्यायावर थांबतात आणि तेच सबब म्हणून वापरतात, मी पण वापरली. आठवा अध्याय पुढच्याच पानावर आहे, पवित्र आत्म्याने चालणं. पौलाच्याच गलतीकरांस पत्रात आत्म्याचं फळ दिलंय, प्रीती आनंद शांती सहनशीलता आणि शेवटी इंद्रियदमन. फळ म्हटलंय, कारखान्याचा माल नाही म्हटलेलं. आमच्या घरामागं सीताफळ आहे, त्याला ओढून फळ येत नाही. पोरगं गणितात अडकलं की पूर्वी माझा हात उठायचा. आता मी उठतो, माठातलं पाणी पितो, प्रभू तू बघ एवढंच म्हणतो आणि परत येऊन बसतो. मार्चमध्ये एकदा ओरडलो जोरात. अर्ध्या तासाने त्याच्याजवळ जाऊन माफी मागितली, बापाने पोराची माफी मागायची हे आमच्या घरात कधी झालेलं नव्हतं. तो म्हणाला, पप्पा असू द्या. आणि मग त्याने स्वतःहून ते गणित परत काढलं. हल्ली मी आलो तर तो लगेच पुस्तक उघडत नाही, मोबाइलवर क्रिकेट बघत असतो तर बघत राहतो, आणि मला ते बघून जे वाटतं ते मी लिहू शकत नाही.

भाषांतराबद्दल थोडं, कारण घेताना लोक गोंधळतात. हे जुन्या, ग्रांथिक मराठीतलं आहे, जे मंडळीत वाचलं जातं. सोप्या मराठीतलं वेगळं मिळतं. मी दोन्ही शेजारी ठेवून बघितली. पहिल्यांदाच वाचणार असाल किंवा मुलांसाठी घेत असाल तर सोप्या भाषेतलं घ्या, ह्यातले देहस्वभाव, नीतिमत्त्व, इंद्रियदमन असले शब्द अडतात आणि ह्या आवृत्तीत शेवटी शब्दार्थांची यादी नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आणि एक स्टार तिथंच कापलाय. नकाशे रंगीत देता, मग दोन पानांची शब्दार्थ यादी का नाही. पण ज्यांना अर्थ समजलाय त्यांच्यासाठी जुन्या भाषेचं वजन वेगळंच आहे, ते तोंडात बसतं.

सोप्या शब्दांवरून आठवलं, पंडिता रमाबाईंनी हेच तर केलं होतं. केडगावला मुक्ती मिशन ह्या आपल्या निराधार बायकांच्या आश्रमात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, आणि तिथल्याच बायका मुलींनी टाइप जुळवून छापलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ ला छापून आलं. त्यांचं स्वतःचं पण असंच झालं होतं बघा. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय पण ख्रिस्त सापडलेला नाही. एवढी विदुषी, आणि आठ वर्षं. मला चाळीसच्या वर लागली तर मी निराश व्हायचं कारण नाही. आणि आमचे नारायण वामन टिळक, नगरकरांना ते आमचेच वाटतात, त्यांना तर नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील म्हणाला. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. छापलेल्या एका पुस्तकाने काय होतं असं कुणी विचारलं की मी ही गाडीतली गोष्ट सांगतो.

बाकी तक्रारी पटकन. मी पहिली प्रत ऑनलाइन मागवली होती, ती नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आली, कणा दबून तडकलेला, परत पाठवली आणि पैसे यायला तीन आठवडे गेले. दुसरी दुकानातून हातात घेऊन, पानं चाळून घेतली, तुम्ही पण तसंच करा. एवढ्या जड पुस्तकाची शिलाई बघून घ्यायची असते, मधोमध उघडून टेबलावर ठेवा, आपोआप बंद झालं नाही तर शिलाई चांगली. रिबीन एकच आहे, दोन हव्या होत्या, एक जुन्या कराराला एक नव्या. मी दुसरी शिलाईच्या दोऱ्याची लावलीये. सोनेरी कडांमुळे सुरुवातीला पानं चिकटतात, जोर लावू नका, हळूहळू सुटतात. पानावर जेल पेन अजिबात वापरू नका, बॉलपेन किंवा शिसपेन्सिल. किंमत हजाराच्या आत पडली आणि त्या मानाने कागद जरा जाड देता आला असता. पुस्तकाबरोबर पुठ्ठ्याची पेटी आली होती ती टाकू नका, पावसाळ्यात कपाटात ओल धरते तेव्हा उपयोगी पडते.

मंडळीतल्या ज्येष्ठांना भेट द्यायला हे उत्तम आहे. आमच्या शेजारच्या आजींना दिलं, त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सहा महिने वाचता आलं नव्हतं, त्या आता सून स्वयंपाक करत असताना तिला मोठ्याने स्तोत्रं वाचून दाखवतात. पण वजन त्यांना झेपत नाही, टेबल लागतं, ते लक्षात ठेवून द्या.

अकरापैकी दहा नावांपुढे आता तारीख पडलीये. एक बाई वारल्या होत्या, त्यांच्या सुनेला दिले, ती आधी घ्यायलाच तयार नव्हती, मग सासूच्या फोटोपुढे ठेवले. अकरावं नाव श्रीरामपूरकडे राहायला गेलंय, पत्ता ह्याच आठवड्यात मिळाला. येत्या रविवारी उपासना झाली की दुपारच्या एसटीने जाणार आहे, पोरगं पण येतो म्हणालंय.